पाल्हाळाच्या बाजूनं एक साक्ष

माझे मामा जिल्हा न्यायालयात मराठी लघुलेखक होते. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं आणि स्वतःचं बोलणं हळूहळू कमी करत आणलं. मी तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. माझंही निम्मं काम ऐकण्याचंच. दोघांचीही पोटं माणसांच्या बोलण्यावर चालली, पण त्या बोलण्याविषयी आमचं कधीच पटलं नाही. मामा म्हणतात, आधी विचार करावा, मग तोंड उघडावं आणि काम झालं की मिटावं. मला वाटतं, हा नियम सगळ्यांनी पाळला तर पुष्कळ खरं कुणाच्या तोंडून बाहेरच पडणार नाही. गेल्या दिवाळीत हा वाद पहिल्यांदाच शेवटपर्यंत रेटला गेला. तो इथे मांडते आहे, कारण मामांचे मुद्दे हलके नाहीत आणि माझी बाजू मला मनापासून खरी वाटते.

मामा : तू म्हणतेस, लोकांना बोलू द्यावं. बोललेलं कागदावर आलं की काय होतं ते मी पाहिलंय. बांधाच्या भांडणातून मारामारी झालेली. साक्षीदार शेजारच्या शेतातला. सरतपास नीट झाला, आपल्या विहिरीवर होतो म्हणाला. उलटतपासात वकिलांनी विचारलं, तू उभा होतास तिथून ती जागा किती लांब? त्यानं ते अंतर जन्मात मोजलं नव्हतं. पण गप्प राहणं त्याला कमीपणाचं वाटलं. म्हणाला, ‘असंल पन्नास फूट.’ पंचनाम्यात विहिरीपासून ती जागा दोनशे फुटांच्या वर. झालं! एवढा सरळ माणूस, पण कागदावर खोटा ठरला. ‘मला सांगता येणार नाही’ म्हणाला असता तर काही बिघडलं नसतं. ते उत्तर कोर्टात रोज लिहिलं जातं.

मी : तसं म्हणायची मुभा आहे, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

मामा : सांगायला कशाला हवं? माहीत नाही तिथं बोलू नये, हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं.

मी : साक्ष लिहिताना तुम्ही प्रश्न लिहीत होता, की फक्त उत्तरं?

मामा : साधारणपणे निवेदन करूनच लिहायची, असं कायद्यातच आहे. साहेबांना गरज वाटली तर प्रश्नोत्तररूपात घेतात. पण तेवढ्यापुरतंच.

मी : म्हणजे वाचणाऱ्याला असं दिसणार, की तो आपणहून उभा राहून ‘अंतर पन्नास फूट होते’ असं ठामपणे म्हणाला. त्याचं चाचपडणं, त्याच्यावर आलेलं दडपण, वकिलांचा आवाज, सगळं गळून गेलं.

मामा : मी ‘सुमारे’ लिहिलं होतं. माझ्या हातून ते गळलं नव्हतं.

मी : मामा, आधी विचार आणि मग बोलणं असं आपण समजतो, पण संभाषण तसं घडतच नाही. २००९ साली दहा भाषांमधल्या गप्पांची मोजणी प्रसिद्ध झाली. जपानी, डॅनिश अशा एकमेकींपासून फार लांबच्या भाषा त्यात होत्या. एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, तो सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा निघाला. आणि नुसतं चित्र दाखवून ‘हे काय आहे’ विचारलं, तर एक शब्द ओठावर यायला माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर जुळायला लागलेलं असतं. वाक्य सुरू करताना त्याचा शेवट काय होणार, हे बोलणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं.

मामा : हे तर तू माझ्या बाजूनं बोललीस. समोरचा बोलतोय आणि आपण आपलं जुळवतोय. मग ऐकलं किती? म्हणून तर थांबायला शिकावं लागतं. मी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेसाठी दहा दिवस राहून आलो. नऊ दिवस आर्य मौन. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, एकमेकांकडे पाहायचंसुद्धा नाही. पहिले काही दिवस डोक्यात वाक्यं तयार होत राहायची, अमक्याला हे सांगू, तमक्याला ते. मग ती कमी होत गेली. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटलं आणि भोजनाच्या खोलीत एकच कल्ला झाला. मी ताट घेऊन बसलो होतो. कोण कुठून आला, गुडघा किती दुखला, परतीची गाडी कितीची. त्यातलं एक अक्षर बोललं नसतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. बुद्धांनी सम्यक वाचेत चार गोष्टी टाळायला सांगितल्या: खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि चौथी निरर्थक बडबड. खोट्याच्या पंगतीला बडबड बसवलीय. आणि आपल्या सज्जनगडावरच्या समर्थांनी मूर्खाची लक्षणं सांगताना, दोघं बोलत असता मध्येच जाऊन बसणारा आणि स्वतःची स्तुती करणारा, दोघांनाही त्यात घातलंय.

मी : दहाव्या दिवशी मौन सोडवतात ते कशासाठी? थेट अकराव्या दिवशी गाडीत का बसवत नाहीत?

मामा : एकदम बाहेरच्या कोलाहलात गेलं तर माणसाला सोसणार नाही म्हणून. मधला एक दिवस लागतो.

मी : म्हणजे माणसांत परतायची वाट गुडघेदुखी आणि गाडीच्या वेळेवरूनच जाते. एवढं ज्यांना कळलं, त्यांनी तो दिवस मुद्दाम ठेवला. त्या माणसांनी एकमेकांना काही माहिती द्यायची नव्हतीच. मी आहे, तू आहेस, आपण पुन्हा बोलतोय, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आपल्याकडे रस्त्यात भेटलेला माणूस ‘कुठं निघालात?’ विचारतो, त्याला कुठं आपला पत्ता हवा असतो?

मामा : तेवढं मला मान्य आहे. पण ‘कुठं निघालात’ आणि ‘बाजाराला’ एवढ्यात ते संपतं. मी त्याला पाल्हाळ म्हणत नाही. पारावर दोन-दोन तास चालतं, त्याबद्दल मी बोलतोय.

मी : मग दवाखान्यात या. १९८४ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून ऐकली. रोगी आपली तक्रार सांगू लागल्यापासून डॉक्टर त्याला तोडेपर्यंत सरासरी १८ सेकंद जात होते. डॉक्टरांना भीती ही, की नाही थांबवलं तर हा तासभर बोलेल. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या रुग्णालयात उलटा प्रयोग केला. डॉक्टरांना सांगितलं, रोगी आपणहून थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सरासरी ९२ सेकंद! दोन मिनिटांच्या आत दर शंभरातले ७८ जण सगळं सांगून मोकळे. ज्याला आपण पाल्हाळ म्हणून घाबरतो तो दीड मिनिटाचा असतो.

मामा : तुझ्या ओपीडीत बाहेर शंभर माणसं उभी असतात. दीड मिनिटाला शंभरानं गुण.

मी : गुणते. आणि त्यात चुकीच्या औषधांसाठी पुन्हा पुन्हा येणाऱ्यांचा वेळ वजा करते. एक आजी आल्या. केसपेपरवर तक्रार एकच, घेरी येते. दोन खासगी दवाखाने झालेले, मानेचा फोटो झालेला, बीपी ठीक. ‘कधी येते घेरी?’ म्हटलं तर म्हणाल्या, ‘आता नातीचं ठरलंय, त्या गडबडीत हाय मी.’ प्रश्नाला उत्तर नाहीच. मी पेन खाली ठेवलं. नातीचं स्थळ कुठलं ते झालं, म्हैस आटल्याचं झालं, मग सुनेची तक्रार. सून साबुदाणा देत नाही, म्हणते शुगर वाढती. ‘मग मी बी म्हटलं, ऱ्हाऊ दे. सोमवारी नि एकादशीला कोऱ्या चहावर काढते. पण बाई, गोळी एक दीस चुकवली न्हाई. दवाखान्यातनं सांगितलंय, गोळी चुकवायची न्हाई.’ मामा, ती ज्या प्रकारची गोळी घेत होती, ती उपाशीपोटी घेतली की रक्तातली साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तिची घेरी सोमवारची आणि एकादशीची होती. मानेत काही नव्हतंच.

मामा : म्हणजे ‘उपास धरता का?’ एवढा एक प्रश्न पुरला असता.

मी : आज मी शुगरच्या प्रत्येक माणसाला तो विचारते. पण तो माझ्या यादीत आला कुठून? कुणीतरी, कधीतरी, असंच भरकटत बोललं आणि कुणीतरी ऐकलं म्हणून. उद्याच्या आजीकडे अशी गोष्ट असेल जिच्यासाठी माझ्याकडे प्रश्नच नाही. जे मला विचारायला सुचत नाही, ते मला कळायचा दुसरा रस्ता कोणता? आणि तिलाही ठाऊक नव्हतं की साबुदाणा आणि घेरी ही एकच गोष्ट आहे. तिनं आधी विचार केला असता, तर नात, म्हैस, सून सगळं फालतू म्हणून गाळलं असतं. तुमच्या नियमानं वागणारी रोगी माझ्यापुढे ‘घेरी येते’ म्हणून बसली असती आणि मानेचा दुसरा फोटो काढून घरी गेली असती.

(इथं मामांनी जे सांगितलं ते त्यांनी सांगायलाच हवं होतं असं नाही. त्यांच्या बाजूला त्यानं बाधा येत होती. पण अर्धवट साक्ष मामांच्यानं देववत नाही.)

मामा : त्या पन्नास फुटांचं पुढं ऐक. साक्ष संपल्यावर तो माणूस भत्त्यासाठी व्हरांड्यात बसला होता. मी बाहेर पडलो. मला ओळखून म्हणाला, ‘साहेब, झालं न्हवं बराबर?’ मी काहीच म्हटलं नाही. तोच बोलू लागला. शेतीची वीज रात्री येते, म्हणून मोटार सुरू करायला गेला होता. पाटाला उंदरानं भोक पाडलेलं, ते बुजवत बसला. कुत्रं भुंकलं. मग बॅटऱ्या हलताना दिसल्या. मग आरडाओरडा. तो विहिरीवरनं पळत सुटला. आणि म्हणाला, ‘काठी बसली तवा मी पार आंब्यापाशी पोचलो हुतो.’

मी : आंबा कुठं होता?

मामा : पंचनाम्याच्या नकाशात आंब्याचं झाड होतं. तिथून ती जागा पन्नास फुटांच्या आसपासच.

मी : म्हणजे तो खरं बोलला होता!

मामा : खरं बोलला होता. वकिलांनी विचारलं ‘उभा होतास तिथून’, आणि तो पळत होता. उभा नव्हताच कुठं. फेरतपासात सरकारी वकिलांना ते काढता आलं असतं. काढलं नाही. मी लघुलेखक. व्हरांड्यात कानावर पडलेल्याचं मी काय करणार?

मी : मग दोष त्याच्या बोलण्याचा कसा? त्याला तुटक बोलायला लावलं म्हणून तो फसला. उंदराच्या भोकापासून सुरू करू दिलं असतं तर आंब्यापर्यंत आपोआप पोचला असता. आठवणीला रस्ता लागतो. ‘अंतर किती’ म्हटलं की ती तिथं उडी मारून जात नाही.

मामा : आणि दर साक्षीदाराला उंदरापासून सुरू करू दिलं तर एक खटला पिढीभर चालेल. तसंही कमी चालत नाहीत. शिवाय व्हरांड्यातलं बोलणं शपथेवर नव्हतं. समोर आरोपीचा वकील नव्हता. मला भाबडेपणानं पटलं, पण मला पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

मी : क्लाइस्ट नावाचा जर्मन लेखक होता. सुमारे १८०५ साली त्यानं एका मित्राला उद्देशून निबंध लिहिला: चिंतन करून जे सापडत नसेल ते भेटेल त्याला सांगायला लाग. त्याला विचारायचं नाही, सांगायचं. तो स्वतः हिशेबात किंवा कज्जाच्या कागदांत अडकला की पाठीमागे काम करत बसलेल्या बहिणीला ते सांगू लागे. तिला त्यातलं कळायलाच हवं असं नव्हतं. पण सुरुवात केली आहे तर शेवट करायलाच हवा, या ओढीनं वाक्य पुढं जायचं आणि विचार स्पष्ट व्हायचा. लहान मुलांचं पाहा. खेळताना स्वतःशीच मोठ्यानं बोलतात, ‘आता हे इथं ठेवायचं, मग ते’. रशियातल्या विगोत्स्कीनं दाखवलं की हेच मोठ्यानं बोलणं पुढं आत जातं आणि त्याला आपण विचार करणं म्हणतो. म्हणजे बोलणं आधी आलं, विचार नंतर. मला यात काही चुकीचं दिसत नाही.

मामा : वकिलांचं मी असं पाहिलंय. एक ज्येष्ठ वकील युक्तिवादाच्या आधी कारकुनाला घेऊन बार रूमच्या बाहेर फेऱ्या मारायचे आणि त्याला सगळा खटला सांगायचे. कारकून नुसता ‘जी, जी’ करायचा. आत येईपर्यंत त्यांचा मुद्दा धारदार झालेला असायचा. ते खरं. पण त्या कारकुनाची संध्याकाळ कुणी मोजली? त्या जर्मन माणसाच्या बहिणीचं काय? जो बोलून विचार करतो तो दुसऱ्याचा वेळ वापरून विचार करतो.

या मुद्द्यावर मामांना आधार द्यायला हवा म्हणून मीच त्यांना सांगितलं: २०२१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की दोघांनाही हवं तेव्हा संपलेली संभाषणं जेमतेम दोन टक्के होती. समोरच्याला काय हवंय याचा अंदाज जवळजवळ कुणालाच येत नव्हता. मामा म्हणाले, म्हणूनच मी आधी उठतो. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. बोलणं लांबलं म्हणून कंटाळलेले पुष्कळ होते, तसे ते लवकर आटपलं म्हणून हळहळणारेही होते. आधी उठणारा माणूस त्या दुसऱ्यांना कधीच भेटत नाही.

मी : आणि वेळ वाया म्हणाल तर आपल्या मराठी गद्याची सुरुवातच आठवून सांगितलेल्या बोलण्यातून झालीय. चक्रधरस्वामी कुठं बसले, कुणाला काय म्हणाले, जेवताना काय झालं, कुठल्या गावी कोण भेटलं, याच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसांकडून गोळा केल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस, ऋद्धिपुरात. लीळाचरित्र. त्यात सिद्धान्त आहे, पण तो चालता-बोलता आलेला आहे. ते बोलणं त्या वेळी कुणाला तरी बिनकामाचं वाटलं असेलच.

मामा : पण म्हाइंभटांनी काय केलं ते बघ. ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन विचारलं. कुणाच्या आठवणीत काय फरक होता, तेही पोथ्यांत नोंदलेलं सापडतं. ती जबानी घेण्याची पद्धत झाली. त्यांनी पाल्हाळ लावला नाही, लोकांचा पाल्हाळ तपासून घेतला. आणि आता मला जे खरं बोलायचंय ते बोलतो. घेरी, म्हैस, उंदीर हे ठीक आहे. माणूस स्वतःबद्दल भरकटला तर फार तर वेळ जातो. पण दोन तासांत स्वतःबद्दलचं संपतं. मग तिसऱ्याचं सुरू होतं, आणि तो तिथं नसतो. घटस्फोटाच्या कामात मी साक्षी लिहिल्यात. ‘तिच्याविषयी गावात बोललं जात होतं.’ कोण बोललं? ‘सगळेच.’ तू ऐकलंस? ‘हो.’ पाहिलंस काही? ‘नाही.’ एका बाईचा संसार त्या ‘सगळेच’नं मोडलेला असायचा. तो ‘सगळेच’ पिंजऱ्यात कधी उभा राहत नाही. आणि राईनपाडा विसरलीस? धुळे जिल्हा, साक्री तालुका. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय, असं मोबाईलवरनं पसरलेलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना लोकांनी ठार मारलं. ते पुढं पाठवणाऱ्यांपैकी कुणी विचार केला होता? कुणाला वाटलं होतं की आपण काही करतोय? नुसतं बोट लावलं आणि पुढं गेले. विचार न करता बोलणं म्हणजे काय, ते तिथं बघ.

राईनपाड्याला वळसा घालून पाल्हाळाची बाजू घेता येत नाही, हे मला मान्य आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. ती घालावी लागली, यातच मामांचा मुद्दा आला. तरीही त्या पाच माणसांच्या मरणाचं कारण गप्पा होत्या, असं मला म्हणता येत नाही. ते का, हे मी मामांच्याच शास्त्रातून सांगायचा प्रयत्न केला.

मी : ऐकीव पुरावा कोर्ट का घेत नाही?

मामा : कारण मूळ बोलणारा समोर नसतो. त्याचा उलटतपास घेता येत नाही. जुन्या १८७२ च्या कायद्यातही ते होतं, आणि जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला त्यातही तत्त्व तेच आहे.

मी : मग पारावरच्या गप्पांत काय असतं? एक जण म्हणतो, ‘अरे, कालची गंमत ऐकलीस?’ दुसरा म्हणतो, ‘कुठली?’ ‘अमक्याच्या मळ्यातली.’ ‘तू तिथं काय करत होतास?’ ‘मी नव्हतो, धाकटा होता.’ ‘धाकटा काल इस्लामपुरात होता की.’ झाला उलटतपास! शपथ नाही, पिंजरा नाही, पण दर दोन वाक्यांना कुणीतरी ‘म्हणजे?’ म्हणतं, ‘कवा?’ म्हणतं, ‘हॅ, काहीतरीच’ म्हणतं. रटाळ वाटतं ते यामुळेच. गोष्ट सरळ पुढं जातच नाही, सारखी अडवली जाते. मोबाईलवर आलेल्या त्या संदेशात पाल्हाळ कुठं होता? तो नेमका होता, छोटा होता, मुद्द्याचा होता. टोळी आलीय, सावध राहा, पुढं पाठवा. त्याला ‘कुणी पाहिलं’ विचारायची सोयच नव्हती. आणि त्या पाच माणसांना एक तास, एकच तास, कुणी समोर बसवून गप्पा मारल्या असत्या? कुठले तुम्ही, मंगळवेढ्याचे का, यंदा पाऊस काय म्हणतोय, पोरं किती, पालं कुठं टाकलीत? परक्या माणसाला आपल्यातला करून घ्यायची आपल्याकडे तेवढी एकच रीत होती, बिनकामाचे प्रश्न विचारायची.

मामा : हे तू सोपं करून सांगतेस. ज्या जमावानं मारलं त्यातले कितीतरी जण एकमेकांसमोरच उभे होते. तिथं कुणी ‘म्हणजे?’ म्हटलं नाही. आणि त्या बाईबद्दलचं ‘सगळेच’ मोबाईल येण्याआधीचं आहे. ते पारावरच तयार झालं होतं. तिथं उलटतपास का नाही झाला?

मी : कारण तिथं तिच्या बाजूचं कुणी बसलेलं नव्हतं. पारावर बायका बसतात का मामा?

मामा : नाही.

मी : मग तो एका बाजूचा तपास झाला. माझी तक्रार तिथंच आहे. पुरुषांनी दोन तास बसावं, त्याला बैठक म्हणायचं. बाई दारात दहा मिनिटं उभी राहिली की ‘रिकामटेकडी’. बाईला बोलायचं तर हातात काम लागायचं. पाणवठा, धुणं, जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. एक लाख! पहाटे पीठ पाडताना बाया भावाबद्दल, सासरबद्दल, भुकेबद्दल, सीतेबद्दल, सुचेल तसं, एकीतून दुसरीत जात गायल्या. घरातलं कुणी ऐकायला बसलेलं नसे, म्हणून त्या जात्याशीच बोलल्या. आता गिरणी आली आणि घरात नळ आला. दोन्ही यायलाच हवं होतं. त्या कामांत बायकांची हाडं झिजली आहेत, मी रोज पाहते. पण काम गेलं तसं बोलायचं निमित्तही गेलं, आणि त्याच्या बदल्यात त्यांना बसायला जागा कुणी दिली नाही.

मामा : ती जागा तू कुठनं देणार?

मी : माझ्याकडे ओपीडी आहे. बाजाराच्या दिवशी बायका जोडीनं येतात. अंगदुखी, ॲसिडिटी, झोप नाही. तक्रार खरी असते, पण तेवढ्यासाठी एरवी त्या आल्या नसत्या. आधी बाकं एका मागे एक होती, एसटीसारखी. प्रत्येकीला पुढचीची फक्त पाठ दिसायची. मी ती समोरासमोर लावून घेतली.

मामा : शिपाई कुरकुरला असेल. गलका वाढतो.

मी : वाढला. पण नंबर येईपर्यंत त्या एकमेकींना इतकं सांगून झालेल्या असतात, की आत आल्यावर नेमकं काय होतंय ते त्यांचं त्यांनाच सापडलेलं असतं. परवा एक म्हणाली, ‘मी पाठीसाठी आले हुते, पर ती म्हणती तिलाबी असंच अंगावरनं जायचं, ते आधी दाखव.’ पांढरं जातं हे ती मला कधीच सांगणार नव्हती. बाकावरच्या अनोळखी बाईला सांगितलं.

मामा : आणि उद्या त्याच बाकावर गावातल्या एखाद्या पोरीची बदनामी सुरू झाली तर? तेवढं मला सांग. बाकी तुझं मी पुष्कळ मान्य केलंय, हे मान्य करणार नाही. समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलताना विचार करावाच लागेल. तिथं सुचेल तसं चालणार नाही.

मी : नाहीच चालणार. तिथं तुमचाच प्रश्न विचारायचा, तू स्वतः पाहिलंस का? सिस्टरांना मी सांगून ठेवलंय, कानावर आलं की केसपेपर देता देता विचारायचं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मामा : आणि ती म्हणाली, ‘सगळेच म्हणतात’?

मी : तर विचारायचं, सगळे म्हणजे कोण, नाव सांगा. आणि तोवर तिच्या समोरच्या बाकावर त्या पोरीची मावशी बसलेली असण्याची शक्यता आहे मामा. पाठ करून बसवलं होतं तेव्हा ती शक्यता नव्हती.